पहिला आठवडा

"आठवडाभर हात लावायचा नाही,"
सांगून धैर्यशील रात्रीच्या गाडीनं हैदराबादला गेला.
मागं काचेची पेटी,
पेटीत उलट्या कुंडीखाली हा.
बिनविषारी म्हणे. आडनाव आमचंच लागणार.

उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर काढली,
फिरत्या जॉबला बोट लावू नये एवढं कळतं.
हा तर फिरतही नाही.

आठव्या दिवशी फ्रीजरमधला उंदीर
कोमट पाण्यात सोडला, टिपला,
शेपटीला चिमटा लावून हलवत बसलो.
"तो चिमटा आता पापडाला नको," आतून आवाज.
जीभ आली, गेली.
माझ्या हाताला कूलंटचा वास, साबणाला न जुमानणारा.
कंटाळून मान वळवली, तेवढ्यात
चिमटाच हिसकला.
मग गिळत राहिला, घाई नाही,
जबडा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून,
चकचे जॉ एकेक करून आवळावेत तसा.

आणखी दोन दिवस. पचू द्यायचं.

आज उचलला.
धुऊन ठेवलेल्या बेअरिंगसारखा गार,
पण आतून ढकलणारा.
मनगटावरून बाहीत शिरला,
काखेपाशी थांबला.

टेबलावर फोन वाजतोय. धैर्यशीलचाच.
वाजू दे.
मला हलता येत नाही.