अठ्ठावीस अंश

आंब्याचे ठोकळे, दोन-दोन सेंटिमीटरचे,
भवानी पेठेत अत्तारांच्या वखारीतून आणलेले.
"एवढ्याशा तुकड्यांचं करणार काय, मॅडम?"
कुजवणार, म्हटलं.
त्यांनी पैसे घेतले नाहीत.
कुजायला कसले पैसे, म्हणाले.

पाच पेट्या. दहा अंश, वीस, अठ्ठावीस,
सदतीस, पंचेचाळीस.
आत तीच बुरशी, एकाच बशीतून कापलेली,
एका घरच्या पाच मुली
पाच गावांत दिल्यासारखी.

बारा आठवड्यांनी वजनं.
दहाची: पांढरा धागासुद्धा मोजून खर्च करणारी.
वीसची खाऊनपिऊन सुखी.
अठ्ठावीसचा ठोकळा चिमट्यात धरला
तर दूध काढून घेतलेल्या खोबऱ्याचा चोथा.
सदतीसची कडेकडेने चार पावलं गेली, थांबली.
पंचेचाळीसचा ठोकळा ठेवला तसा.
पेन्सिलीचा नंबरही शाबूत.

दहा आणि पंचेचाळीस, दोघींपुढे मी 'बंद' लिहिलं.
दाभाडे सरांनी खोडलं.
"परत अठ्ठावीसला ठेवून बघितलंस?"
ठेवल्या.
पंचेचाळीसची उठली नाही.
दहाची उठली चौथ्या दिवशी,
मधे काही झालंच नाही अशी.
तेव्हापासून गारठलेलं आणि मेलेलं
मी एका रकान्यात लिहीत नाही.

प्रयोगशाळेमागे पडलेला गुलमोहर आहे,
महापालिकेने अर्धाच उचलला.
मेच्या दुपारी दोनला त्यात तापमापक खुपसला:
साल सेहेचाळीस,
वीतभर आत एकतीस.
पहाटे पाचला पुन्हा गेले, रखवालदार बघत राहिला.
साल चोवीस.
म्हणजे वरची पाळी रात्रीची,
आतली अखंड.
या ओंडक्याला कुणी पेट्या दिल्या नव्हत्या,
एका दिवसात माझे तीन आकडे तो ओलांडून येतो
आणि वजन कुणाला सांगत नाही.

परवा उरलेले ठोकळे परत द्यायला गेले.
अत्तार म्हणाले, "मग, किती दिवसांत कुजतं?"
पुण्यात?
डिसेंबर-जानेवारीच्या रात्री वजा करा.
एप्रिल-मेच्या दुपारी वजा करा.
कोरडं असेल तर सगळंच वजा.
उरेल ते तिचं.

ते बोटांच्या पेरांवर महिने मोजत राहिले.
मग पोऱ्याला हाक मारली,
आणि सागाचा ढीग
ओल्या भिंतीपासून हातभर पुढे ओढायला लावला.