तिसरा रकाना

पहाटे साडेचारला बाबा जाळ्या उघडतात
व्हरमॉन्टच्या वरच्या टोकाला, ऑल्डरच्या झुडपांत,
गुडघाभर काळं पाणी.
मी मागे, कापडी पिशव्या सांभाळत.

सहाव्या जाळीत आजही एक माशीमार:
मळकट हिरवी पाठ, पंखावर दोन फिकट पट्टे,
डोळ्याभोवती असलं-नसलं कडं.
बाबा चिमटीत धरून पट्टी लावतात.
पंख एकाहत्तर. शेपूट अठ्ठावन्न.
चोचीची रुंदी. सहाव्या पिसाची खाच.
आकडे येतात, उत्तर येत नाही.

एक ऑल्डरमधला, एक विलोमधला.
बाबांच्या तरुणपणी कागदावर दोघे एकच होते.
मग कुणीतरी नीट कान दिला:
हा म्हणतो फी-बी-ओ,
तो शिंक दाबल्यासारखं फिट्झ-ब्यू.
झालं, एका नावाची वाटणी झाली.
पक्ष्यांना कुणी कळवलं नाही.

पण हातात आलेला पक्षी गात नाही.
म्हणून वहीत तिसरा रकाना: दोघांपैकी कोणीतरी.
गेल्या तीन उन्हाळ्यांत तो फार भरलाय.
जाळीबाहेरचे, फांदीवर बसून
घसा फोडणारेसुद्धा त्यातच जातात.
मी बघते, बोलत नाही.
शेजारचा वेंडेल लाबाउंटी विचारून गेला,
"ओळखता येत नाही, तर धरता कशाला?"
बाबांना ऐकू गेलं नाही. किंवा गेलं.

म्हणे यांना गाणं शिकावं लागत नाही.
अंड्यातून निघाल्यापासून एकटं वाढवलं
तरी पिल्लू आपलंच म्हणतं.
मी बाबांच्याच घरात वाढले,
आणि त्यांची फ्रेंच मला आली नाही.
चार शिव्या, दोन प्रार्थना, आणि लोण्याला काय म्हणतात ते.

कडं चढवलं. मूठ उघडली.
तो समोरच्या फांदीवर बसला, पाठ करून,
मान मागे टाकली,
गळ्याची पिसं थरथरली.
नेमका तेव्हाच रस्त्यावरून
वेंडेलचा दुधाचा टँकर गेला.

बाबा माझ्याकडे वळले.
"लकेल?" म्हणाले. कोणता?
एवढी फ्रेंच मला कळते.

टँकर वळणापार जाईपर्यंत फांदी रिकामी झाली,
थोडी हलत होती.
पेन्सिल अजून वहीच्या वर,
पहिल्या दोन रकान्यांच्या मधोमध.