ढिला पिकर

दोरीवर दोन चादरी टाकल्या की
आमच्या घरात स्टुडिओ तयार होतो.
एक मोराची, दुसरी इतकी धुतलेली
की तिच्यावर काय होतं ते आता आईलाही आठवत नाही.
आत मी, मोबाईल, पालथी कळशी,
कळशीवर पायमोजा घातलेला माईक,
आणि पाच तारांची गिटार.
सहावी आणायला घरकुलातून नव्या पेठेत जायचं
तर रिक्षाचे पैसे तारेहून जास्त होतात.

सोलापुरातला एप्रिल.
पंखा लावला तर तो गाण्यात येतो,
बंद केला तर मी गाण्यात येत नाही.
म्हणून एक ओळ, मग पंखा,
मग एक ओळ.
घाम कोपरावरून तारांवर उतरतो
आणि स्वर जरा खाली बसतो.
बसू देते.

चादरीपलीकडे आई बिड्या वळते.
कात्री पानावर चालते, कच्, कच्,
पंचवीस झाल्या की दोरा.
गाणं कसं लिहितेस विचारलंत, तर असंच:
ओळी पानांसारख्या रात्रभर भिजवून ठेवायच्या,
सकाळी मऊ राहतील तेवढ्याच कापायच्या.
राग मला तेलुगूत येतो, शब्दही तिकडूनच येतात,
मराठीत वळवताना एक टोक उघडं राहून जातं.
आई म्हणते, असल्या बिड्या कारखान्यात छाटात जातात.

माझ्याकडे छाटाचं अख्खं फोल्डर आहे.
त्यात एका ठिकाणी मी ओरडलेय,
"पाणी आलं!"
पाचव्या दिवशी, रात्री अडीचला,
आणि तो ओरडा बरोबर समेवर पडलाय.
तसा पुन्हा कधी जमला नाही.

भिंतीपलीकडे नरसय्यामामाचे आठ माग.
आधी मी त्यांच्याशी भांडायचे.
चादरीवर चादर, तिच्यावर गादी,
तरी आवाज यायचाच.
एका सुट्टीला माग बंद होते, तेव्हा गायला बसले,
तर गाणं रांगायला लागलं.
त्याचे पाय माझ्याकडे नव्हतेच कधी.

मग माईक भिंतीकडे फिरवला.
सात नंबरचा माग बाकीच्यांसारखा नाही.
खटाक, खट,
आणि मग एक छोटीशी अडखळ,
जसं कुणी बोलता बोलता नाव विसरावं.
त्या अडखळीवर मी श्वास घ्यायला शिकले.

दोन मिनिटं अकरा सेकंद झाल्यावर
मामाला ऐकवलं. इअरफोनचा डावाच कान चालतो.
भुवयांवर सुताची धूळ, डोळे मिटलेले.
मला वाटलं, रडतोय की काय.
डोळे उघडून म्हणाला,
"सात नंबर आहे की हा!
पिकर ढिला झालाय ह्याचा. बरं झालं ऐकवलंस."
आणि पाना घेऊन उठला.

आता सात नंबर नीट चालतो.
दिवसाला दोन टॉवेल जास्त निघतात.
मी अर्ध्या गाण्यासमोर बसून असते.
कळशी वाजवून पाहिली,
आईची कात्री लावून पाहिली,
जुनाच तुकडा कापून पुन्हा पुन्हा जोडला,
पण तो दर वेळी त्याच जागी तितकाच विसरतो,
आणि असं कुणी विसरत नाही.

काल पाणी आलं तेव्हा
मामा नळावर उभा होता.
हंडा भरेपर्यंत गप्प.
मग म्हणाला, "ते गाणं झालं का पुरं?"
मी नाही म्हणाले.
"रविवारी माल कमी असतो,
तासभर ढिला करून देतो.
पण किती ढिला ते तू सांग.
मला आता आठवत नाही."