एकोणिसाव्यावरून

साल्मियात, समुद्राकडे पाठ केलेल्या एका इमारतीत,
लिफ्टच्या खड्ड्यात उभा होतो मी, हातात ग्रीसचा डबा.
ऑगस्ट. वर एकोणीस मजल्यांचा काळोख
आणि दारांच्या फटींतून
मजल्यामजल्यावर एकेक पिवळी रेघ.

टप्.
ओला मोजा दोरीवरून निसटावा, तेवढाच आवाज.
बॅटरी मारली तर उंदीर.
चारी पायांवर. पोट भात्यासारखं हलतंय.
मग त्यानं मिशा पुसल्या,
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही,
आणि बफरच्या स्प्रिंगमागे निघून गेला
ड्यूटीला उशीर झाल्यासारखा.

मोतालेब, इमारतीचा हारिस, सिल्हेटचा,
फोनवर म्हणाला, मशीनरूममधून पडला असणार,
मघाशी मीच झाडू उगारला त्याच्यावर.
जगला? माशाल्ला, म्हणाला,
आणि बराच वेळ फोन ठेवेना.

चमत्कार नाही रे बाबा. हिशेब आहे.
कुठल्याही जिवाचं माप दुप्पट कर:
वारा अडवणारं अंग होतं चौपट,
वजन होतं आठपट.
एवढ्या एका ओळीत सगळे पडणारे आले.
मुंगीला हवा म्हणजे जवळजवळ पाणी,
ती पडत नाही, उतरते.
पाल आपटते, लाजते, भिंत शोधते.
उंदराला जरा गरगरतं.
मांजराचं खात्रीनं सांगता येत नाही,
मांजर कुणाच्याच हिशेबात बसत नाही.
पुढे माणूस.

खिमलाल चौथ्यावरून पडला.
चौथ्यावरून फक्त.
फरवानियात, दोन वर्षांमागे, रमजानच्या आधी.
दार उघडलं, पाऊल टाकलं, लिफ्ट पाचव्यावर होती.
त्याच्या डोक्यावर घराचं ओझं होतं म्हणतात,
कर्ज होतं, दोन बहिणी होत्या.
असतील. पण मी लिफ्टवाला,
मला किलोतच बोलता येतं.
तो अठ्ठावन्न. कमरेचा पट्टा पान्यांसकट सहा.
बारा मीटर. दीड सेकंदाहून किंचित जास्त.
त्या दीड सेकंदात मी दुसऱ्या बाजूला
चहात साखर ढवळत होतो,
दोनदा उजवीकडे, एकदा डावीकडे, माझी सवय.
विमानात पेटीसकट एकशे सात भरला.
कार्गोच्या कागदावर सही माझी आहे.
वरचं वजन लाकडाचं, असं मी त्याच्या भावाला फोनवर सांगितलं,
का सांगितलं कोण जाणे,
त्यानं विचारलं नव्हतं.

कंपनीनं उंदरासाठी गोंदाचा पुठ्ठा पाठवलाय.
तीन आठवडे झाले, व्हॅनमध्ये सीटखाली आहे.
रिपोर्टात लिहिलं, लावला.
काल खड्ड्यात उतरलो तेव्हा
खुबूसचा एक तुकडा खिशातून पडला माझ्या.
पडला म्हणजे, असाच.

रात्री राजापूरहून रेवाचा फोन.
बाबा, आज मी ओंबील टाकली टाकीवरून,
मेलीच नाही! सात वेळा टाकली.
सातही वेळा तीच होती का गं?
पलीकडे थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
आता तसं नक्की नाय सांगता येणार, म्हणाली.
चावली का?
दोनदा.
मग बरोबर आहे, म्हटलं, पुरे आता.

बाबा, तुम्ही किती उंचावर असता तिकडे?
मी कुठला उंचावर. मी खड्ड्यात असतो, सगळ्यात खाली.
माझ्याखाली पडायला जागाच नाही.
तिनं हिशेब केला असावा मनात,
आईच्या मागून कुकरची शिट्टी झाली,
आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली,
मग वर बघत जा हां तुम्ही.