शेवटचं बरं कधी पाहिलं

खानापूरच्या दवाखान्यात शिवलीला सिस्टरनं
फोन धरला अक्काच्या तोंडासमोर.
हसा म्हणाली.
अक्का हसली, अर्धी.

मग काहीतरी बोला. कानडीत का मराठीत,
यंत्रानंच विचारलं.
"मला काय झालं नाही गा, घरला जातो मी."
पडद्यावर उमटलं : उच्चार संशयास्पद.
सिस्टर म्हणाली, "हिकडं समदे असंच बोलतात की."
मीही हसलो. बरं वाटलं जरा,
आमची बोली त्याला कळत नाही म्हणून.

हात पुढं करा, डोळे मिटा.
उजवा राहिला.
डावा उतरत गेला,
चाकावर ओल्या मडक्याचा काठ बसतो तसा
सावकाश,
आणि आम्ही दोघं बघेपर्यंत फोन लाल.

बेळगावला कळवलं. गाडी दारात लागली.
एकच रकाना राहिला होता :
शेवटचं बरं कधी पाहिलं?

सकाळी चहा दिला होता तिनं.
कप आठवतो. हात कुठला, ते नाही.
सिस्टर माझ्याकडं बघत राहिली.

"सातला," अक्का म्हणाली, तोंडाच्या उरल्या बाजूनं,
"दूध उतू गेलं बघ. हात पोचला नाही."

करपल्या वासावर मी
आतून ओरडलो होतो तेव्हा.