वाढीव वॉरंटी

सोळाव्या दिवशी पंखा बोलायला लागला.
मोठ्याने नाही. दुसऱ्या कुणाला
ऐकूही आलं नसतं.
पण चौतीस वर्षं रिफायनरीत
पंपांच्या अंगाला स्क्रूड्रायव्हर टेकवून,
त्याची मूठ कानाशी धरून
मी त्यांची दुखणी ऐकली आहेत.
बेअरिंग, म्हटलं. आठवडा काढेल.

अकरा दिवस काढले.
सत्ताविसाव्या दिवशी, ऐन पेनल्टीला,
जैमिनने चेंडू ठेवला, दोन पावलं मागे सरला
आणि पडदा काळा.
डब्यावर एक नारिंगी ठिपका
लागायचा, विझायचा, लागायचा.
"काका, गोल गणवानो ने?"
धरला, म्हटलं. धरला.

कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत
हा पहिलाच, बाजारात आल्याच्या तिसऱ्या दिवशी आणलेला.
बिल माझ्या नावावर,
तरी हेल्पलाइनवरची मुलगी विचारते,
अंकल, नातवाचा का?
नाही, माझा.
मनोहर चौबळ, वय एकोणसत्तर.
ती जरा थांबली. मग म्हणाली, सिरियल नंबर सांगा.
तो डब्याच्या पोटाखाली, मुंगीच्या अक्षरात.
जमिनीवर आडवा पडून, भिंग लावून वाचला.
शून्य की ओ,
यात चार मिनिटं गेली.

रात्री त्याला टेबलावर उताणा ठेवला.
चार स्क्रू. चौथ्यावर रुपेरी स्टिकर:
काढल्यास वॉरंटी रद्द.
कुमुदचा केस वाळवायचा ड्रायर अजून कपाटात आहे.
गरम हवेने डिंक सुटतो.
एक कोपरा सुटलाही.
आत काम एवढंसं. थेंबभर तेल,
फार तर पंखा, रावपुऱ्यात दोनशेला मिळेल.
हात शिवशिवत होते.
आयुष्यभर जे बिघडलं ते उघडलं
आणि जे उघडलं ते चालू करून दिलं,
एक सोडून.
तिथे मी बाहेरच्या बाकावर होतो.

कोपरा अंगठ्याने दाबून
परत चिकटवला.

खोकं ठेवलेलं होतं, आतलं थर्मोकोलही,
वायरी बांधायच्या तारासुद्धा.
टाकू नये काही, ही तिची शिस्त.
रिक्षात मांडीवर घेऊन अलकापुरीला गेलो,
खड्डा आला की दोन्ही हातांनी
जरा वर उचलून धरत.

काउंटरवर तीच, ध्वनी नावाची मुलगी.
नखाने स्टिकर तपासला. मी दुसरीकडे बघितलं.
एकवीस वर्किंग डेज, म्हणाली.
बोर्ड बदलला तर आतलं सेव्ह केलेलं जाईल.
जाऊ दे. लीगमधली माझी सहावी जागा
कुणाला सांगण्यासारखी नव्हतीच.
पण रोज पाच वाजता बेल दाबणारी पोरं
एकवीस दिवसांत दुसरी बेल शोधतात,
याची वॉरंटी कोण देतं?

विकत घेतला त्या दिवशी तिने विचारलं होतं,
वाढीव वॉरंटी घेणार? वर आणखी तीन वर्षं.
आणि मी हसलो होतो.
पोरी, तीन वर्षं कुणी बघितलीत, म्हणालो होतो.
वाक्य मला तेव्हा झकास वाटलं होतं,
रिक्षात परत एकदा म्हणूनही पाहिलं.

तिला ते आठवत नव्हतं.
संगणकाकडे बघतच म्हणाली,
काका, तीस दिवसांच्या आत अजून घेता येते.
आज अठ्ठाविसावा.

दोन हजार नऊशे नव्वद.
एक वर्षाची मूळची, तीन वरची.
म्हणजे मी त्र्याहत्तर.
जैमिन कॉलेजात, मिशी फुटलेली,
आणि पेनल्टी तरीही डावीकडेच मारणारा.

कार्ड पुढे केलं.
चार आकडे दाबले.
सही इथे, ती म्हणाली. आणि इथे पण.

परत येताना मांडी रिकामी.
हातांना काय करावं कळेना,
म्हणून पेन काढलं
आणि पावतीच्या पाठीवर लिहून ठेवलं:
जैमिन एक, मी शून्य.
खेळ बाकी.