पाझर

डेन्झिल दगड आधी हुंगतो.
मग त्यावर श्वास सोडतो, काचेवर सोडावा तसा,
ओल्या मातीचा वास आला तर मान हलवतो.
मग दोन बोटांत अधांतरी धरून नखाने टिचकी:
घुमला तर ठीक, बद्द वाजला तर परत गवतात.
शेवटी जिभेचं टोक. ते चारचौघांत करत नाही.

चार्नवूडचा निसणा हिरवा, त्यानेच मला शिकवलं,
सुकल्या वाटाण्याच्या रंगाचा,
आत तांबड्या रेघा, म्हाताऱ्या गालावर उमटतात तशा.
आणि मंद. इतका मंद की
वस्तरा पाचशेदा फिरवून झाला
तरी दगड म्हणतो, बघू.
खाणी केव्हाच बुजल्या. आता उरलेत ते
मेलेल्या सुतारांच्या पेट्यांत, न्हाव्यांच्या विधवांकडे,
नाहीतर इथे, शेपशेडबाहेरच्या कुरणात, रविवारी,
मोटारींच्या उघड्या डिक्क्यांमध्ये.

मला मिळाला तो काकवीत बुडवून काढल्यासारखा,
काळा, चिकट, दोन्ही अंगांनी.
"शेडच्या दाराला अटकाव म्हणून होता," मुलगी म्हणाली,
"अडीच पौंड."
पेटी मात्र ओकची, एकाच ठोकळ्यातून कोरलेली,
झाकण अजून केसभर फट न ठेवता बसणारं.
त्यावर चाकूने: ई. गार्साइड.
खाली दुसऱ्या हाताचं, लहान, जरा लाजल्यासारखं: टी. जी.
मी घासाघीस केली नाही.
केली असती तर आवाज फुटला असता.

घरी बादली, गरम पाणी, धुण्याचा सोडा.
ग्वेनिथ म्हणाली, बादली माझी आहे.

दगडाला पाझर फुटत नाही म्हणतात.
मी पाहिलाय. तेलाचा असतो.
पहिल्या सकाळी पाणी चहासारखं,
दुसऱ्या सकाळी तसंच, चौथ्याही,
बाप-लेकांनी थेंबथेंब पाजलेलं सगळं
तो आठवून आठवून परत देत होता.
तेवढ्यात बागेतला नळ गळायला लागला, तो बदलला,
ग्वेनिथच्या बहिणीचं ऑपरेशन झालं,
आणि नवव्या दिवशी
एका कोपऱ्यात हिरवं दिसलं.

मी डेन्झिलला फोन केला. माझ्या आवाजावरून
त्याला वाटलं कोणीतरी गेलं.

तो आला, चष्मा कपाळावर चढवून
दगड खिडकीपाशी नेला, हुंगला, टिचकी मारली,
मग बराच वेळ काही बोलला नाही.
खिशातून दातकोरणी काढली
आणि एका कडेचा मळ टोकरू लागला.
मळ निघाला, अर्धं भोक निघालं,
खिळ्याचं.
"कौल," तो म्हणाला. "स्विथलंडची पाटी.
कुणाच्यातरी छपरावरची."
जीभ त्याने लावलीच नाही.

तो गेल्यावर मी वस्तरा घेतला.
पाणी, थोडा लगदा, तीनशे फेरे, मग चामडं.
डावा गाल नीट झाला.
हनुवटीखाली ओढला, दोन ठिकाणी रक्त.
आरशात बघत विचार करत राहिलो:
पेटी कोरायला आठवडा लागला असेल.
ओक तो, लिंबाचं खोड नव्हे.
ई. गार्साइडला माहीत होतं का,
की कोणीतरी त्याला कौल विकलं
अस्सल म्हणून, आणि टी. जी.
तीच हनुवटी, तेच दोन ओरखडे घेऊन
दर रविवारी चॅपलमध्ये बसत होता?
की सगळं माहीत असून,
छपराचा एक तुकडा खाली पडला, टाकवला नाही, एवढंच?

फळीवर माझे चौदा दगड आहेत.
प्रत्येकाखाली चिठ्ठी: खाण, रंग, कोणाकडून, किती पैसे.
हा पंधरावा.
खाण या शब्दापुढे मी लिहिलं: छप्पर.
रंगापुढे हिरवा, ते खोटं नाही.

दमट दिवसांत तो अजून थोडं तेल सोडतो.
चिठ्ठी एका कोपऱ्यातून पारदर्शक होत चाललीय,
आता अडीचचा आकडा
पालथ्या बाजूनेही वाचता येतो.